वादळ देवाचें, जुनी तार कोणाची?

रोहिणी नक्षत्र निघालें म्हणजे खेड, मावळ व मुळशी तालुक्यांतील आमच्या खेडेगांवच्या मंडळ्या पावसाची वाट पाहूं लागतात. दुपारभर उकाडा होतो, सायंकाळीं आभाळ भरून येतें, सोसाट्याचा वारा सुटतो, आणि पहिले टपोरे थेंब पडतात न पडतात तोंच गांवांतील दिवे जातात. बहुधा एवढ्यावरच निभावतें. परंतु एखादे वर्षीं कोठें तरी झोळ आलेली जुनी तार तुटून शेताच्या बांधावर पडते, पहांटे कोणाचा बैल किंवा कोणाचा मुलगा तिला शिवतो, आणि घरांत आकांत होतो. अशा घरीं सांत्वनास गेलेल्या मनुष्याच्या तोंडून सहज शब्द निघतात, "देवाची इच्छा, दुसरें काय?" हें वाक्य आम्हां ख्रिस्ती लोकांच्या तोंडीं फार आहे, आणि आज त्याचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. वारा व पाऊस परमेश्वराच्या हातीं आहेत हें आम्ही मानितोंच. परंतु जी तार तुटली ती कोणाच्या हातीं होती?

वादळ हें समुद्रकांठच्या लोकांचें संकट, घाटावर त्याचें भय नाहीं, असा आपल्याकडे पूर्वापार समज होता. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलें, आणि रायगड जिल्हा ओलांडून घाट चढून पुणें जिल्ह्यांत शिरलें. मावळ, मुळशी, खेड, आंबेगांव व जुन्नर या तालुक्यांत घरांचे पत्रे उडाले, पॉलिहाउसें फाटलीं, झाडें उन्मळून तारांवर पडलीं आणि विजेचे खांब मोडले. अलिबाग तालुक्यांत विजेचा खांब अंगावर कोसळून एक गृहस्थ मरण पावले. कोकणांतील कित्येक गांवांस पुढें पुष्कळ दिवस अंधारांत काढावे लागले. पुढच्याच वर्षीं मे महिन्यांत तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलें. तेव्हां आपल्याकडे असें होत नाहीं, असें म्हणण्याची सोय आतां राहिली नाहीं.

विषयाचा विचार नीट व्हावा म्हणून ही तार म्हणजे काय वस्तु आहे हें थोडें पाहूं. गांवाबाहेरून जी मोठी तार येते तींतून ११,००० व्होल्टची वीज वाहते. डीपीपाशीं ती उतरवून घरगुती वापरासाठीं २३० व्होल्टवर आणितात. तार ॲल्युमिनियमची असून बळकटीसाठीं तिच्या पोटांत पोलादाचा धागा असतो. उन्हानें ती लांबते, थंडीनें आखडते, वाऱ्यानें हेलकावते. अशीं वर्षांवर वर्षें गेलीं म्हणजे तिला झोळ येतो. पूर्वीं जेथें ती तुटून जोडलेली असेल तो सांधा झिजतो. खांबावरचे चिनी मातीचे इन्सुलेटर तडकतात. लोखंडी खांब जमिनीलगत गंजतो, आणि सिमेंटच्या खांबास भेगा पडून आंतील सळया उघड्या होतात. खांबास धरून ठेवणारा ताण सैल पडतो, किंवा नांगर अडतो म्हणून कोणी तरी तो सोडूनच टाकितो. यांतील एकही गोष्ट एका रात्रींत घडत नाहीं. वारा सुटतो तो एका घटकेचा. तार अशक्त होण्यास मात्र बरींच वर्षें लागलेलीं असतात.

आणखी एक गोष्ट प्रत्येक घरांत ठाऊक असली पाहिजे. तार तुटून जमिनीस लागली म्हणजे उपकेंद्रांतील यंत्रानें वीज आपोआप बंद व्हावी अशी योजना असते. परंतु तार कोरड्या किंवा खडकाळ जागीं अथवा पिकावर पडली, तर तिच्यांतून जमिनींत जाणारा प्रवाह कधीं कधीं इतका थोडा असतो कीं त्या यंत्रास तें कळतच नाहीं. ठिणगी नाहीं, आवाज नाहीं, तार निपचित पडलेली दिसते, आणि तरी तिच्यांत मरण असतें. म्हणून पडलेली तार मेलेली आहे असें कधींही समजूं नये, काठीनें ती बाजूस करूं नये, आणि कोणास धक्का बसला तरी वीज बंद झाल्याची खात्री झाल्यावांचून त्यास हात लावूं नये. एकास वाचविण्यास गेलेला दुसरा, आणि दुसऱ्यामागें तिसरा, अशीं एकाच घरचीं माणसें जातात.

आतां आपल्या मूळ वाक्याकडे वळूं. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसें मेलीं, ती गोष्ट लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायांत आहे. मेलेले लोक इतरांपेक्षां अधिक पापी होते काय, हा लोकांच्या मनांतील प्रश्न होता, आणि प्रभूनें त्याचें साफ नाहीं असें उत्तर दिलें. १७ एप्रिल २०२३ रोजीं पिंपरी-चिंचवडांत किवळे येथें वादळी पावसांत आडोशास उभ्या राहिलेल्या लोकांवर जाहिरातीचा लोखंडी फलक कोसळला व पांच जण मरण पावले. त्या पांच जणांविषयीं कोणीं कांहीं वावगें बोललें, तर त्यास शिलोहाचीच गोष्ट दाखवावी. मेलेल्याच्या माथीं त्याच्या मरणाचा दोष ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु प्रभु तेथेंच थांबला नाहीं. त्यानें ऐकणाऱ्या जिवंतांकडे तोंड वळविलें आणि तुम्ही पश्चात्ताप करा, असें त्यांस बजाविलें. अपघाताची बातमी ऐकून मेलेल्यांचा हिशेब करीत बसूं नये, आपला करावा, हा या गोष्टीचा रोख आहे. "देवाची इच्छा" म्हणून उसासा टाकणारा मनुष्य नेमकें हेंच टाळितो. त्याच्या तोंडीं नांव देवाचें असतें, पण सुटका मात्र त्याची स्वतःची होते.

मोशेच्या नियमशास्त्रांत यापुढची पायरी आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत नवें घर बांधणाऱ्यास आज्ञा आहे कीं, धाब्याला कठडा करावा, नाहीं तर कोणी वरून पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल. येथें ध्यानांत घ्यावें कीं, पडणारा आपल्याच पायानें पडतो. घरधनी त्यास ढकलीत नाहीं. तरी दोष घरावर येतो, कां कीं माणूस पडूं शकतो हें घर बांधणाऱ्यास आधींच ठाऊक होतें. तसाच निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायांतील मारक्या बैलाचा नियम आहे. बैलानें अकस्मात् कोणास शिंग मारून ठार केलें, तर धनी निर्दोष ठरतो. पण तो बैल मारका आहे असें धन्यास पूर्वीं कळविलें असून त्यानें त्यास बांधून ठेविलें नाहीं, आणि मग कोणी मेलें, तर धनी जबाबदार. बैल तोच, शिंग तेंच, मरणही तेंच. फरक पडला तो माहितीनें. कळण्यापूर्वीं जी दुर्दैवाची गोष्ट होती ती कळल्यानंतर अपराध झाली.

हें माप आपण विजेच्या तारेस लावूं. सशक्त तार कधीं न पाहिलेल्या वाऱ्यानें तुटली, तर ती आपत्ति होय, आणि तेथें परमेश्वरापुढें नम्र होण्यावांचून दुसरें कांहीं करण्याजोगें नाहीं. परंतु हात उंच केला तर लागेल इतकी जी तार खालीं आली आहे, जी दर पावसाळ्यांत दोनदां तुटते, आणि जिच्याविषयीं ग्रामसभेंत तीन वर्षें बोलणें चाललें आहे, ती मारक्या बैलासारखी आहे. तिनें कोणाचा जीव घेतला, तर आभाळाकडे बोट दाखविण्यास जागा नाहीं.

मग धनी कोण? कायद्यानें पाहिलें तर तार महावितरण कंपनीची आहे. जुनें राज्य वीज मंडळ विभागलें जाऊन २००५ सालीं ही कंपनी झाली, आणि सरकारचीच असल्यामुळें ती आपल्या सर्वांची आहे, असेंही म्हणतां येईल. तार बदलण्याचा खर्च शेवटीं ग्राहकांच्या बिलांतून किंवा सरकारी योजनांतून येतो. २०२१ सालीं केंद्र सरकारनें वीज वितरणाच्या सुधारणेची मोठी योजना काढली ती अशाच कामांकरितां. तेव्हां पहिली जबाबदारी कंपनीची व सरकारची आहे, यांत संशय नाहीं, आणि ती त्यांस स्पष्ट शब्दांत सांगण्यास ख्रिस्ती मनुष्यानें भिऊं नये. पण बैल मारका आहे हें धन्यास कळविणारा कोण? शास्त्राच्या त्या नियमांत एक शेजारी गृहीत धरलेला आहे, जो जाऊन सांगतो. त्यानें सांगितलेंच नाहीं, तर धनी सुटेल, आणि मेलेल्याचें रक्त कदाचित् त्या मुक्या शेजाऱ्याकडून मागितलें जाईल.

१५ जून २०२५ रोजीं मावळ तालुक्यांत कुंडमळा येथें इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भारानें कोसळला आणि चार जण मरण पावले. पूल धोक्याचा आहे असा फलक तेथें लावलेला होता. नव्या पुलास मंजुरी मिळालेली होती. म्हणजे अधिकाऱ्यांस ठाऊक होतें, आणि तेथें जाणाऱ्यांसही ठाऊक होतें. ठाऊक असणें आणि तें बदलण्यास हात घालणें यांमध्यें जें अंतर पडतें, त्यांतच माणसें मरतात. जुना पूल आणि जुनी तार यांत आम्हांस या बाबतींत कांहीं भेद दिसत नाहीं.

येथें न्यायाचाही एक प्रश्न आहे, तो आम्ही टाळीत नाहीं. आपल्या डोंगरांचें पाणी फार पूर्वींपासून दुसऱ्यांस उजेड देत आलें आहे. १९१५ सालीं लोणावळ्याच्या तलावांच्या पाण्यावर खोपोलीचें वीजगृह चालूं झालें आणि मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळूं लागली. पुढें मुळशीच्या धरणासाठीं मावळ्यांच्या जमिनी बुडाल्या; १९२१ सालीं सुरू झालेला, सेनापति बापट यांच्या नांवाशीं जोडला गेलेला सत्याग्रह सर्वांस ठाऊक आहे. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी व शेवटीं चाकण येथपर्यंत कारखान्यांची रांग लागली. या कारखान्यांनीं आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ तरुणांस भाकर दिली आहे, आणि त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहों. परंतु ज्या कारखान्यास पैसे भरतां येतात त्यास उपकेंद्रापासून स्वतंत्र तार घेतां येते. आणि त्यांत काम करणाऱ्या मुलाची आई डोंगराकडेच्या वाडींत राहते, तिच्या दारांत येणारी तार मात्र मैलोगणती रानांतून, झाडांखालून, सर्वांच्या शेवटीं येते. कारखान्यानें आपल्यासाठीं चांगली तार घेतली यांत अन्याय नाहीं. शेवटची वाडी म्हणून ती नेहमीं शेवटींच राहावी, यांत मात्र आहे.

कोणी विचारील कीं, पैसा थोडा आणि तारा पुष्कळ, मग आधीं कोणाची बदलावी? प्रश्न खरा आहे, आणि त्यास भक्तीचीं गोड वचनें हें उत्तर नव्हे. मार्ग मुख्यत्वें तीन आहेत. जुन्याच जातीची उघडी तार नव्या खांबांवर ओढणें, हा स्वस्त मार्ग. रबरासारखें वेष्टण असलेल्या, एकत्र पिळलेल्या तारा, ज्यांस एबी केबल म्हणतात, त्या ओढणें, हा मधला मार्ग. फांदी टेकली तरी त्यांत लगेच बिघाड होत नाहीं, आणि तुटून पडल्या तरी उघड्या तारेइतका धोका नसतो. जमिनीखालून केबल नेणें हा तिसरा मार्ग. चक्रीवादळांपासून बचाव व्हावा म्हणून अलिबाग येथें हें काम हातीं घेण्यांत आलें. परंतु त्यास उघड्या तारेच्या कित्येक पट खर्च येतो, आणि बिघाड झाल्यास तो नेमका कोठें आहे हें शोधण्यास वेळ लागतो. तेव्हां एका मोठ्या गांवाची तार जमिनीखालीं घालावी, कीं त्याच पैशांत दहा वाड्यांस वेष्टणाची तार द्यावी?

कारकून म्हणेल कीं, जेथें ग्राहक जास्त तेथें आधीं. हें बोलणें निर्दयपणाचें नाहीं, कारण बहुतांचें हित हीही एक धर्माचीच गोष्ट आहे. परंतु नुसती माथीं मोजलीं तर चाळीस घरांच्या वाडीची पाळी कधींच येणार नाहीं. नव्याण्णव मेंढरें ठेवून एकाच्या शोधास निघालेल्या मेंढपाळाची कथा ज्यांनीं ऐकली आहे, त्यांस हें माप पुरें वाटूं नये. आमचें मत असें आहे कीं, आधीं जेथें जिवाचा धोका मोठा तेथें जावें: शाळेची वाट, पाणवठा, बाजाराची जागा, मजुरांच्या झोपड्यांवरून गेलेली तार. त्यानंतर संख्या पाहावी. अंधार सोसतां येतो. आमच्या आजोबांनीं कंदिलावर शास्त्र वाचिलें. मरण मात्र परत फिरवितां येत नाहीं. असें केल्यास एखाद्या मोठ्या गांवास आणखी एक पावसाळा दिवे जाण्याचा त्रास काढावा लागेल, आणि त्या गांवांत आमचीच मंडळी असेल, हें आम्ही जाणून बोलत आहों.

दुसरा कोणी म्हणेल कीं, हें सगळें विश्वासाच्या कमतरतेचें लक्षण आहे. राखणारा परमेश्वर आहे, मग तारांची एवढी चिंता कशाला? यास आमचें उत्तर असें कीं, कठड्याची आज्ञा देणारा तोच परमेश्वर आहे. कठडा बांधणारा अविश्वासी, आणि न बांधतां प्रार्थना करणारा विश्वासू, असें शास्त्र कोठेंही म्हणत नाहीं. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्यास सैतानानें सुचविलें, तेव्हां देवाची परीक्षा पाहूं नये म्हणून प्रभूनें तें नाकारिलें, हें आपल्या उपदेशकांनीं मंडळीस शिकविलेंच आहे.

आतां आपल्या मंडळ्यांनीं काय करावें तें थोडक्यांत सांगतों. धोक्याची तार दिसली कीं १९१२ या क्रमांकावर कळवावें, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा, आणि जवळच्या कार्यालयास लेखी अर्ज देऊन त्याची पोंच घ्यावी. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांचा अर्ज उपदेशकानें लिहून द्यावा, मग ते ख्रिस्ती असोत वा नसोत. तार कोणाचाही धर्म विचारीत नाहीं. तोंडी कुरकुर हवेंत जाते, कागद राहतो.

नवा खांब आपल्या बांधावर येणार असेल, तर वाजवी नुकसानभरपाई अवश्य मागावी, पण केवळ हट्टानें काम अडवूं नये. तारेखालचा आंबा लेकरासारखा वाढविलेला असतो हें आम्ही जाणतों. तरी त्याची एक फांदी वांचविण्यासाठीं शेजाऱ्याचें लेकरूं धोक्यांत घालूं नये. गुरुवारीं दुरुस्तीसाठीं वीज बंद ठेवितात, तेव्हां पंखा थांबला म्हणून शिव्या देऊं नयेत. जुन्या तारेची तक्रार करावयाची आणि दुरुस्तीचीही करावयाची, हें दोन्ही एका तोंडीं शोभत नाहीं.

तारेवर आकडा टाकणें ही चोरी आहे. ती कायद्यानें गुन्हा आहे, आणि दहा आज्ञांतही तिला वेगळी सूट नाहीं. आकड्यानें तार पोळते व सैल होते, आणि अंधारांत तो काढतां-घालतां पुष्कळांनीं प्राण गमाविले आहेत. याहून कमी माहीत असलेली गोष्ट जनरेटरची. सणाच्या उपासनेस वीज गेली म्हणजे कित्येक ठिकाणीं जनरेटर घरच्याच तारेस जोडतात. मुख्य लाइनपासून वेगळें करणारा खटका नसेल, तर ती वीज उलटी डीपींत शिरते, तेथें ११,००० व्होल्ट होते, आणि लाइन बंद आहे असें समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव घेऊं शकते. ज्या घरांत आपण स्तुति गात आहों, त्या घराच्या दिव्यानें बाहेर कोणी मरावा, याहून भयंकर गोष्ट आम्हांस सुचत नाहीं. प्रत्येक मंडळीच्या पंचांनीं या आठवड्यांतच हा खटका आहे कीं नाहीं तें जाणत्या मनुष्याकडून पाहून घ्यावें.

त्या वायरमनविषयींही एक शब्द. भर पावसांत, अंधारांत, आपल्या दिव्यासाठीं खांबावर चढणारा तो कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी बाप आहे. उशीर झाला म्हणून गांव त्याच्या अंगावर धांवून जातें, पण तार जुनी आहे हा त्याचा अपराध नव्हे. त्यास आधीं पाणी द्यावें, मग गाऱ्हाणें सांगावें, आणि रविवारच्या प्रार्थनेंत जशी आजाऱ्यांची व प्रवाशांची आठवण करितों, तशी पावसाळाभर त्याचीही करावी.

वाऱ्यास आज्ञा करण्याचें सामर्थ्य प्रभूचें होतें, तें आम्हांस दिलेलें नाहीं. आम्हांस दिलेलें काम लहान आहे: कठडा बांधणें, मारका बैल बांधून ठेवणें, आणि धन्यास वेळीं जाऊन सांगणें. तें करून झाल्यावरही एखादें वर्ष असें येईल कीं बळकट तारही तुटेल आणि घरांत शोक होईल. तेव्हां त्या घरीं जाऊन देवाची इच्छा असें म्हणण्यास आपली जीभ अडखळणार नाहीं. तोंवर मात्र तो शब्द जपून वापरावा. पुढील मासिक सभेंत प्रत्येक उपदेशकानें आपल्या गांवची कोणती तार, कोणता खांब धोक्याचा आहे हें विचारून घ्यावें, आणि मृग नक्षत्र निघण्यापूर्वीं अर्ज कार्यालयांत पोंचवावा, अशी आमची सर्व मंडळ्यांस कळकळीची विनंति आहे.